डाव्या हाताचा शेरा

दुसरीच्या बाई रजेवर होत्या, म्हणून एका दिवसापुरती मी त्या वर्गावर गेले. शुद्धलेखन चालू होतं. मला जवळ येताना पाहून एका मुलीने पेन्सिल झटकन डाव्या हातातून उजव्या हातात घेतली.

"असं का गं?"

"आजी मारते. ती पण आधी इथेच बाई होती."

मी आजीचं नाव विचारलं आणि ते ऐकताच माझी बोटं आपोआप मिटली. याच शाळेत, याच बाईंनी माझ्या डाव्या हातावर वर्षभर पट्टी मारली होती. माणूस म्हातारा होतो, पण त्याचा जुना राग सात वर्षांचाच राहतो आणि आपली पाळी येण्याची वाट बघत बाकावर बसून असतो.

"डाव्यानेच लिही," मी म्हणाले. "आजीला सांग, बाईंनी सांगितलंय."

तिच्या वहीत मी लाल शाईने शेरा लिहिला, 'अक्षर सुंदर. डाव्या हातानेच लिहू द्यावे.' खाली सही केली ती माहेरच्या पूर्ण नावाने, माझ्या त्या जुन्या बाईंना ओळख पटावी म्हणून.

शाळा सुटली तेव्हा त्या बाई नातीला न्यायला फाटकापाशी काठी टेकून उभ्या होत्या. त्यांनी वही उघडली, शेरा वाचला आणि मान वर करून मला शोधू लागल्या. मी त्यांच्याकडे सरळ बघत उभी राहिले. नमस्कार केला नाही.