रापणीची हजेरी

मी भांडकुदळ आहे असं माझी आई चारचौघांत सांगायची, आणि ते खरंच होतं. अकरावीच्या वर्गाने मला निवडून दिलं ते याच गुणावर.

साठचं दशक नुकतंच लागलं होतं. आमचं मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होतं आणि अकरावी म्हणजे मॅट्रिक. त्या वर्षी फोंडाघाट उतरून घाटावरचे एक हेडमास्तर आमच्या शाळेत आले. तोवर मास्तर बोट दाखवतील तो मॉनिटर, अशी आमची राज्यपद्धती होती. या गृहस्थांनी विद्यार्थी मंडळ काढलं. दर वर्गातून एक प्रतिनिधी, मतदान चिठ्ठ्यांनी, आणि चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यात. मी उभी राहते म्हटल्यावर वर्गातली मुलं फिदीफिदी हसली. माझे वडील कचेरीत कारकून. ते हसले नाहीत, पण जेवताना माझ्याशी बोललेही नाहीत. मग तर मी हट्टालाच पेटले.

मला तारलं मागच्या बाकांनी. तिथे दर्यावर पोट असलेल्या घरांतली मुलं बसत. त्यांतली एक मुलगी मतदानाच्या आदल्या दिवशी मला नळावर गाठून म्हणाली, "माका दुसरा कायएक नको. माझी हजेरी वाचव." तिची आई मासे विकायची. हिचा हात गणितात असा चाले की मास्तर फळ्यावर अडले की तिच्याकडे बघत. पण हेडमास्तरांचा नियम कडक होता: साडेदहाला प्रार्थना सुरू झाली की फाटक बंद, आणि बाहेर राहील त्याची दिवसभराची गैरहजेरी. हजेरी कमी भरली तर मॅट्रिकचा फॉर्म जाणार नाही, असं त्यांनी सहामाहीतच बजावलं होतं. सकाळी किनाऱ्यावर जाळं ओढण्याचं काम लांबलं की तिचा दिवस बुडे, आणि ती अगदी काठावर होती.

निवडून आले त्याच आठवड्यात मी कामाला लागले. शाळा तासभर उशिरा भरावी, म्हणजे किनाऱ्यावरची मुलं वेळेवर पोचतील, असा ठराव लिहिला. काय भाषा होती! 'सागरपुत्र' हा शब्द मी त्यात तीनदा घातला होता. मंडळाने तो एकमताने मंजूर केला आणि हेडमास्तरांनी चक्क सही केली. शाळा साडेअकराला भरू लागली. मी आठ दिवस रस्त्याने अशी चालत होते की जणू बंदर मीच बांधलंय.

मग मागचे बाक रिकामे दिसू लागले. पूर्वी आठवड्यातून दोन दिवस चुकवणारी ती आता चार-चार दिवस येईना. मला आधी तिचाच राग आला. मी एवढं भांडून मिळवून दिलं आणि हिला त्याची किंमत नाही! एके दिवशी शाळा सुटल्यावर मी तडक तिच्या खोपीवर गेले आणि बोलायला तोंड उघडलं, तर तिनेच मला धारेवर धरलं.

"ह्यो ठराव लिवताना तू कोणाक इचारलंस?"

मी म्हटलं, "तुमच्यासाठीच तर केला."

"मासळी कधी येतली ता तिचा तिकाच ठावक. समुद्राक घड्याळ लावतलंस तू?" ती म्हणाली. "उद्या सकाळी ये आणि बघ."

दुसऱ्या दिवशी मी गेले. माझा सगळा जन्म मालवणात गेला, रोज दुपारी ताटात मासा, पण रापण मी तोवर रस्त्यावरूनच पाहिली होती. होडी जाळं घेऊन पाण्यात अर्धा फेर मारते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि मिळतील तितकी माणसं ते ओढतात. ओढेल त्याला वाटो, म्हणजे त्याचा हिस्सा. सकाळपासून आम्ही वाळूत नुसत्याच बसलो होतो. साडेदहाच्या सुमारास टेहळणीवरच्या माणसाला मासळी दिसली, त्याने हात केला आणि एकदम हाकाटी झाली. होडी जाळं टाकून आली तशी ती उठली, दोराला लागली. मीही लागले.

आणि मला माझी चूक कळली. जुन्या वेळेला, पहाटेचं ओढणं लांबलं नाही तर, ती साडेदहाला शाळेत असायची, त्यामुळे हाक मारायला कोणाला सापडत नसे. माझ्या ठरावाने तिला एक मोकळा तास दिला होता आणि नेमका त्या तासात तिला वाळूवर आणून बसवलं होतं. समोर बसलेल्या धडधाकट पोरीने दोराला हात लावायचा नाही, हे तिथे चालत नाही.

अकरा वाजून गेले तशी मी तिला म्हटलं, "चल, पळूया."

"एकदा हात लागलो काय सोडूचो नाय," ती दोरावरची नजर न काढता म्हणाली.

जाळं वर आलं तेव्हा माझे तळहात सोलवटले होते. एका म्हाताऱ्याने माझ्या ओच्यात चार बांगडे टाकले. "घे गो चेडवा, ह्यो तुझो वाटो," म्हणाला. कोणाची कोण हे त्याने विचारलंही नाही. मला रडू आलं आणि त्या रडण्याची भयंकर चीडही आली.

फाटक अर्थातच बंद होतं. ती घरी वळली. मी ओच्यात बांगडे धरून फाटकापाशी उभी राहिले, मधली सुट्टी होईपर्यंत. हेडमास्तर आले तेव्हा म्हटलं, "सर, माझा ठराव चुकला. तो मागे घेते. शाळा साडेदहालाच भरू दे, पण हजेरी दोनदा घ्या, आणि मधल्या सुट्टीनंतरच्या हजेरीला फाटक उघडा. रापणीवरून येणाऱ्याचा अर्धाच दिवस बुडू दे. आणि माझ्या ठरावाने ज्यांचे दिवस गेले ते धरू नका."

त्यांनी बांगड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हे सगळ्या शाळेपुढे सांगशील?"

"सांगेन."

शनिवारी सभा झाली. मी चूक कबूल केली. आवाज मात्र चढाच होता. मग ती उठली. सभेत शुद्ध मराठीच बोलायचं असा दंडक होता. तिने तो पाळला नाही. "आमी उशिरा येतंव ता निजान ऱ्हवान नाय," ती म्हणाली. "तुमच्या ताटात बांगडो पडता, तेव्हा आमची गैरहजेरी पडता." पुढच्या बाकांवरच्या मुलांनी आधी माना खाली घातल्या आणि नंतर हात वर केले. दोनदा हजेरीचा ठराव मंजूर झाला.

हेडमास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "पहिल्या ठरावावर सही माझी होती, म्हणून ते दिवस मी सोडतो. ठराव तुझा होता, म्हणून जागा तू सोड. मंडळ असंच शिकेल."

मी तिथल्या तिथे राजीनामा लिहून दिला. तिचा मॅट्रिकचा फॉर्म वेळेवर गेला. राजीनामा मन मोठं करून दिला असं मी आजही सांगणार नाही. मला ती जागा फार आवडली होती आणि घरी येऊन मी उशीत तोंड खुपसून रडले.

पुन्हा चिठ्ठ्या पडल्या आणि ती निवडून आली. त्याच संध्याकाळी ती आमच्या दारात उभी. मला वाटलं, सांत्वन करायला आली असेल, म्हणून मी मुद्दाम तोंड फिरवून बसले. तिने नवी कोरी वही माझ्यापुढे ठेवली.

"माका ठराव लिवक जमाचो नाय. तू लिव," ती म्हणाली. "पण लिवच्या आधी माका इचार."