ढगातली तीन मिनिटं

माझ्याबरोबर विमान उडवायला शिकलेला मित्र दोन वर्षांपूर्वी गेला. तो पाम गावचा, बागायती करणाऱ्या वाडीवाल्यांच्या घरातला. मी दातिवऱ्याच्या कोळ्यांचा. दोघंही बोईसरला नोकरीला, आणि रविवारी लांबच्या धावपट्टीवर जाऊन हौसेने लहान विमान उडवायचो. त्या दिवशी तो एकटाच होता. ढगात शिरला आणि डोंगरावर आदळला.

त्या संध्याकाळी आम्ही चार-पाच उडवणारे धावपट्टीजवळच्या शेडमध्ये बसलो होतो. रडलं कुणीच नाही.

"ढग दिसत होते, तर परत फिरायचं ना," एक जण म्हणाला.

"त्याला घाईच फार," दुसरा म्हणाला.

मीही म्हणालो, "हवामान नीट बघितलं नसेल."

त्याची एकेक चूक सापडली की जरा हलकं वाटायचं. आपण ती करणार नव्हतो ना.

दुसऱ्या दिवशी घरी गेलो. आई बांबूवर बोंबील वाळत घालत होती. तिला सगळं सांगितलं, चुकांसकट.

"नवशिका होता काय तो?"

"नाय. माज्यापेक्षा जास्त उडलेला."

"मंग? तुजा काका बुडला तवा पन लोक असंच बोलले. दारू प्याला असंल म्हनून. त्यानं कदी थेंब घेतला नाय. पन तसं बोलल्याबिगर सकाळी होडी काडवत नाय कोनाला."

तो जायच्या दोन महिने आधी मीही ढगात शिरलो होतो. तीन मिनिटं वर कुठे, खाली कुठे, काही कळत नव्हतं. बाहेर पडलो ते नशिबाने. उतरल्यावर कुणाला बोललो नाही. अनुभव मिळाला, असं स्वतःला सांगून टाकलं.

तेरावं झाल्यावर पामला गेलो. त्याच्या बायकोने पाणी दिलं आणि समोर बसली.

"भाऊजी, खरं सांगा. त्यांचा निष्काळजीपणा होता का? सगळे तसंच म्हणतात."

"वहिनी, तसाच मीही ढगात शिरलो होतो. मी बाहेर आलो, एवढाच फरक."



"मग तेव्हाच त्यांना का नाही सांगितलंत?"



मी अजून उडतो. उतरलो की कुठे घाबरलो ते शेडमध्ये सांगतो. आधी सगळे हसले. मग एका रविवारी आमच्यातला सगळ्यात जुना माणूस खुर्ची ओढून जवळ आला आणि म्हणाला, "माझं दोनदा झालंय."