भिकाच्या नावाचा रोट

जळगावात माझं व्याख्यान होतं, 'थोर सेनापती कसा ओळखावा' या विषयावर. निवृत्त फौजी अधिकाऱ्याला दुसरं काय सांगायला लावणार? वेळेवर निर्णय घेतो तो सेनापती, असं म्हणत मी स्वतःची टिमकी वाजवून घेतली. एकाहत्तरच्या लढाईत आम्ही ठरल्या वेळेच्या तासभर आधी कूच केलं आणि टेकडी घेतली, हे उदाहरण दिलं. टाळ्या पडल्या. त्या टेकडीवर माझा शिपाई भिका पडला, हे मात्र सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याची एसटी धरली. भिकाचं गाव वाटेतल्या फाट्यापासून दोन कोस आत. चौदा वर्षांत तिथं जायला सवड झाली नव्हती. खरं सांगायचं तर धीर झाला नव्हता. दोन्ही बाजूंना कपाशी आणि मधे काळा चिखल. एक बूट रुतला तो हातानं उपसून काढला आणि तसाच भरल्या पायांनी भिकाच्या दारात उभा राहिलो.

भिकाच्या आईला गाव अक्का म्हणतं. तिनं पाय धुवायला पाणी दिलं, गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी आणि पोळी वाढली. कानबाई या खानदेशी देवीचा सण नुकताच झाला होता. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेऊन रोट (जाड, गोड पोळी) करतात, आणि तो घरच्यांनीच खायचा असतो, असं तिच्या दिरानं, आबांनी सांगितलं. अक्का भिकाच्या नावाची मूठ अजून घेते, हेही त्यांनीच हळूच सांगितलं.

अक्कानं एवढंच विचारलं, "साहेब, त्या दिन तो जेवेल व्हता का?"

'हो' म्हणणं सोपं होतं. पण जेवणाची गाडी वाटेत असताना निघा म्हणणारा मीच होतो.

"नाही, अक्का. मी थांबू दिलं नाही."

ती उठली आणि भिकाच्या नावाचा रोट मोडून माझ्या ताटात ठेवला. बाहेरच्याला चालत नाही, असं आबा पुटपुटले.

"माले माहित शे," ती म्हणाली. "पन साहेब, तुम्ही बी त्यानासंगे उपाशीच व्हतात ना? खाई ल्या."

त्या पहाटे मी चहा पिऊन आणि दोन अंडी खाऊन निघालो होतो. हे मला तिला सांगता आलं नाही. मी मान खाली घालून रोट खाल्ला.

परतल्यावर आयोजकांनी भाषण छापायला मागितलं. मी दिलं नाही. थोर सेनापती कसा ओळखावा, हे मला आता ठाऊक आहे. तो आपल्या माणसांच्या आधी जेवत नाही. मी आधीही जेवलो, आणि चौदा वर्षांनी भिकाच्या वाट्याचंही जेवून आलो.