पाठमोऱ्या माणसाचं बोलणं

लवंगेचा वास आला की मला आजही सिनेमा सुरू होण्याआधीचा अंधार आठवतो. खोलीतले दिवे मालवले जायचे, खुर्च्यांची कुरकुर थांबायची, आणि पडद्याच्या डाव्या अंगाला उभे असलेले काका तोंडातली लवंग एका गालातून दुसऱ्या गालात सरकवायचे. दातावर लवंग आपटल्याचा एवढासा टक् आवाज, आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य. "आवाज माझा, जबाबदारी त्यांची." त्यांची म्हणजे पडद्यावरच्या माणसांची. एवढं म्हणून ते रिमोटनं इंग्रजी आवाज अगदी बारीक करायचे आणि पुढचे दोन तास सगळ्या पात्रांच्या वतीनं मराठीत बोलायचे.

डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावातल्या ज्या सार्वजनिक वाचनालयात मी काम करते, तिथल्या तळमजल्यावरच्या खोलीत महिन्यातून एका शनिवारी दुपारी हा खेळ व्हायचा. प्रेक्षक म्हणजे मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मुलगा आणि सून कामावर, नातवंडं शाळेत, खिडकीबाहेर सुरेख फुटपाथ आणि त्यावर चालणारं कुणी नाही. घरातला टीव्ही दिवसभर बोलत राहतो आणि त्यातलं एक वाक्य समजत नाही. अशांसाठी काहीतरी करावं, असं काकांना कुणी सांगितलेलं नव्हतं. एका डिसेंबरात ते माझ्या टेबलापाशी आले, कोटावरचा बर्फ झटकला आणि म्हणाले, "खोली आणि पडदा तुमचा. बाकीचं मी आणतो." बाकीचं म्हणजे त्यांचा घसा.

ऐकणं हा त्यांचा पेशाच होता. डेट्रॉइटकडच्या एका मोटार कंपनीत त्यांनी सारी नोकरी नव्या गाड्यांच्या पोटातले नकोसे आवाज हुडकण्यात घालवली होती. निवृत्त झाले तरी कान निवृत्त झाले नव्हते. एकदा मी त्यांना घरी सोडत होते. दोन सिग्नल गेले, आणि डोळे मिटून बसलेले काका म्हणाले, "डाव्या सीटखाली पेन्सिल आहे. सहा कोनांची." घरी जाऊन पाहिलं. होती, आणि सहा कोनांचीच होती.

त्यांच्या मराठीत एक खोड होती. पडद्यावर कुणी दारूचा पेला उचलला की काकांच्या तोंडून हमखास चहा यायचा. खाणकामगार असोत, सरदार असोत की दरोडेखोर, सगळे एकमेकांना चहा पाजायचे. समोर बसलेल्या आज्यांना त्याचं फार बरं वाटे. वर्ध्याहून लेकीकडे आलेले इंग्रजीचे एक निवृत्त शिक्षक होते, सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांनी एकदा विचारलंच, "साहेब, चहा पिऊन माणूस असा टेबलावरून पडतो होय?" काका शांतपणे म्हणाले, "कडक असेल." खोली बराच वेळ हसत होती.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपासून काकूंना तळमजल्याचा जिना जमत नसे, म्हणून प्रत्येक खेळ मी माझ्या फोनवर टिपून त्यांना पाठवायची. काकू म्हणायच्या, "घरात तर गप्पच असतात. तिथं काय बोलतात ते तरी ऐकते."

आता त्या सिनेमाबद्दल सांगते. एका आयरिश क्रांतिकारक नेत्याच्या आयुष्यावरचा तो ऐतिहासिक चित्रपट. नेता साम्राज्याशी लढतो, मग वाटाघाटींना जातो, आणि मागितलं त्याच्या अर्धंच देणाऱ्या तहावर सही करून परततो. ती सही त्याची माणसं सहन करू शकत नाहीत. काल खांद्याला खांदा लावून लढलेला जिवलग मित्र उलट्या बाजूला जातो, आणि अखेर आपल्याच मुलखातल्या एका वळणावर, आपल्याच माणसांच्या गोळीनं नेत्याचा अंत होतो. वाचनालयाच्या संग्रहात त्याची एकच चकती आहे. चार हिवाळे मी पाहत होते, ती चकती काका पुन्हा पुन्हा घरी नेत, परत आणत, आणि शनिवारच्या यादीत मात्र कधी लिहीत नसत. पाचव्या हिवाळ्यात त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "आता हा करून टाकू. तुम्ही तयारीला बसाल का? त्यांचे उच्चार मला झेपत नाहीत."

आम्ही वाचनालयातल्या अभ्यासाच्या छोट्या खोलीत बसलो. त्यांच्यासारख्या कानाला उच्चार झेपत नाहीत, यावर माझा विश्वास बसला नव्हता. त्यांना सोबत हवी होती, हे तिसऱ्या दिवशी कळलं. त्या दिवशी आम्ही एका प्रसंगापाशी आलो. तहानंतरची भेट. नेता टेबलापाशी बसलेला, मित्र खिडकीकडे तोंड करून उभा. मित्राची फक्त पाठ दिसते. तो नेत्याला गद्दार म्हणतो, माझ्यासाठी तू मेलास म्हणतो, आणि न वळता निघून जातो. काकांनी तिथं सिनेमा थांबवला. पडद्यावर ती पाठ तशीच थिजून राहिली. हीटरची घरघर ऐकू येत होती. मग त्या पाठीकडे पाहत ते बोलू लागले.

ते नागपूरच्या विद्यार्थी वसतिगृहात राहून इंजिनिअरिंग शिकत होते. निकृष्ट जेवणाविरुद्ध मुलांनी आंदोलन केलं आणि नऊ जणांना वसतिगृहातून काढून टाकण्यात आलं; वसतिगृह सुटलं की शिक्षणही सुटणार होतं. काका त्या नऊ जणांत होते, आणि त्यांचा खोलीतला सोबती आंदोलनाचा पुढारी होता. एकाच ताटात जेवणारे ते दोघे. हा मित्र शब्द ओढून, सावकाश बोलायचा. भांडण कितीही पेटलं तरी शेवटी म्हणायचा, "चल, चहा सांग." बोलणी करायला मुलांनी त्यालाच पाठवलं. नऊ जण परत किंवा कुणीच नाही, असं ठरलं होतं. तो सहा जणांच्या समझोत्यावर सही करून आला. वसतिगृहाच्या अंगणात, सगळ्या मुलांसमोर, काकांनी त्याला गद्दार म्हटलं. मित्र वळला. ट्रंक उचलून फाटकाबाहेर गेला. संध्याकाळी फळ्यावर यादी लागली. आत घेतलेल्या सहा जणांत काकांचं नाव होतं. बाहेर राहिलेल्या तिघांत पहिलं नाव त्या मित्राचं होतं.

"स्वतःला बाहेर ठेवून त्यानं सही केली होती," काका म्हणाले. "त्या सहीवर मी इंजिनिअर झालो. या देशात आलो. तो छापखान्यात खिळे जुळवत राहिला."

मी विचारलं, मग तुम्ही त्यांच्याशी कधी बोललात? त्यांनी लवंग या गालातून त्या गालात नेली. या वेळी आवाज आला नाही.

खेळाच्या दिवशी खोली भरलेली होती. ओल्या लोकरीचा, खोबरेल तेलाचा आणि लवंगेचा एकत्र वास. काकांनी त्या नेत्याला एक निराळाच आवाज दिला होता, शब्द ओढणारा, सावकाश. मी तो त्यांच्याकडून पूर्वी कधीही ऐकला नव्हता. बंदुका झाल्या, पळापळ झाली, आज्यांनी पदर तोंडाला लावले. मग ती खिडकी आली. ती पाठ आली. पाठमोऱ्या माणसाच्या तोंडी काकांनी हे शब्द घातले.

"तुझ्या सहीनं आम्ही घरी आलो. मी सगळ्यांसमोर तुला गद्दार म्हणालो. तो शब्द सगळ्यांसमोर परत घेतो."

पडद्यावर नेत्यानं मान खाली घातली. काकांनी त्या ओढणाऱ्या आवाजात उत्तर दिलं, "घेतलास ना? मग चल, चहा सांग."

पडद्यावरचा मित्र तरीही निघून गेला, दार आपटलं. पण तो चहा सांगायलाच गेला असणार, अशी खोलीतल्या सगळ्यांची खात्री झाली होती. पुढे वळणावर गोळी सुटली तेव्हा सातारच्या एक आजी हळहळल्या, "मित्र पोचला नाही वाटतं वेळेवर." शेवटची पाच मिनिटं काका बोललेच नाहीत. सिनेमा आपला आपण संपला.

दिवे लागल्यावर मास्तर काठी टेकत पुढे आले. हळू आवाजात म्हणाले, "साहेब, तो मित्र तसं काही म्हणाला नाही हो."

"पाठमोरा होता, मास्तर. मला तसं ऐकू आलं."

"जन्मभर गाड्यांचे आवाज ओळखणारे तुम्ही."

"म्हणून तर."

मास्तरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग काठी डाव्या हातात घेतली, उजवा हात काकांच्या खांद्यावर ठेवला, आणि चहाच्या टेबलाकडे वळले.

त्या संध्याकाळी गाडीत मी म्हणाले, जे आज सगळ्यांसमोर बोललात ते त्या मित्राला फोनवर सांगा. रस्त्याकडेचा बर्फ दिव्यांत पिवळा दिसत होता. काका बराच वेळ वायपरचा आवाज ऐकत राहिले. "फोनवर पाठमोरं उभं राहता येत नाही," ते म्हणाले. उतरताना मात्र दार धरून थांबले आणि म्हणाले, "करतो. या आठवड्यात करतो."

त्याच आठवड्यात त्यांना झटका आला. मेंदूतल्या रक्तस्रावानं उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजत सगळं होतं. एवढ्या माणसांना ज्यानं बोलतं केलं, त्या घशातून आता थंडीत न सुरू होणाऱ्या गाडीसारखा आवाज निघे. गिळताना ठसका लागेल म्हणून लवंग बंद झाली. काकू एक लवंग मुठीत चुरडून ती मूठ त्यांच्या नाकाशी नेत. ते डोळे मिटून घेत, दिवे मालवल्यासारखे.

एकदा काकू औषधं आणायला गेल्या होत्या. मी त्यांच्या उशाशी वाकून विचारलं, नागपूरला मी फोन करू? त्यांनी मान हलवली, नाही. मग डावा हात उचलून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. मला अर्थ कळला. त्यांना ते स्वतःच्या आवाजात सांगायचं होतं. वाचा शिकवणारी बाई रोज येत होती, थोडी सुधारणा आहे म्हणत होती. मी थांबायचं ठरवलं. माझ्या पर्समधल्या फोनमध्ये त्यांचा आवाज, नेमके तेच शब्द बोलणारा, तेव्हाही होता. खेळ संपल्यावर काकूंना पाठवलेलं ते ध्वनिमुद्रण त्या अंथरुणापासून हातभर अंतरावर होतं, आणि मला ते सुचलं नाही.

मार्चमध्ये ते गेले. बर्फ वितळत होता, पन्हळीतून दिवसभर पाणी ठिबकत होतं, आणि असा आवाज काकांनी कसा ओळखला असता, किती इंचांच्या नळाचा म्हणून सांगितलं असतं, याचाच मी विचार करत राहिले. घरी बुद्धवंदना झाली. माणसं पांगल्यावर काकूंनी मला त्यांची जुनी डायरी दिली. त्यात नागपूरच्या मित्राचे चार नंबर होते, तीन खोडलेले. नंबर बदलला की काका कुणाकुणाकडून नवा मिळवत, नेटकेपणानं लिहून ठेवत, आणि लावत नसत.

"सिनेमातला तो भाग मी रोज ऐकते," काकू म्हणाल्या. "तो माझ्यासाठी नाही. ज्याचा आहे त्याला दे."

रविवारी सकाळी, काकूंच्या स्वयंपाकघरात बसून, मी चौथा नंबर लावला. तिकडे संध्याकाळ असणार. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी गॅस बारीक केला, आणि आवाज आला, "जय भीम. कोण?"

ओढून, सावकाश आलेले शब्द. हा आवाज मी ऐकला होता. आमच्या तळमजल्यावर, त्या आयरिश नेत्याच्या तोंडून. पन्नासएक वर्षं काकांनी तो जपून ठेवला होता, आणि इतक्या वर्षांनी तो जरासा घोगरा झाला होता, एवढाच फरक.

मी माझं नाव सांगितलं, कुठून बोलते ते सांगितलं, काका गेल्याचं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, त्याला त्रास झाला का? शेवटी फार नाही, मी म्हणाले, पण बोलता येत नव्हतं, त्याचा झाला. मी सिनेमाची गोष्ट थोडक्यात सांगितली, तह, सही, खिडकीतली पाठ. आणि म्हणाले, हे त्यांनी तुमच्यासाठी म्हटलेलं आहे.

काकूंचा फोन मी माझ्या फोनपाशी धरला आणि तो भाग लावला. खुर्च्यांची कुरकुर. कुणाचा तरी खोकला. लवंगेचा टक्. मग काका बोलले. शब्द सगळ्यांसमोर परत घेतला. दुसऱ्या आवाजात चहा मागितला. दार आपटलं, आणि मी मुद्रण थांबवलं.

फोन तुटला की काय म्हणून मी पाहिलं. सेकंद पुढे सरकत होते. काकू ओट्याला धरून उभ्या होत्या. मग तो सावकाश आवाज अगदी जवळून आला.

"पुन्हा."