रंगूनवालीचे पापड

कष्टाचे मोल पैशात होत नाही. हे वाक्य आमच्या महिला मंडळाच्या फळ्यावर रंगीत खडूने लिहिलेले असे, भोवती वेलबुट्टी काढून. अक्षर माझे. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि मंडळाची चिटणीस होते, त्यामुळे उदात्त वाक्ये लिहिण्याचे काम आपोआप माझ्याकडे येई. पुढे एका बाईच्या बाबतीत आम्ही हे वाक्य इतके तंतोतंत पाळले, की ताटात पापड वाढलेला दिसला की मला अजून तिची आठवण होते. घास अडत नाही; तेवढी माझी सदसद्विवेकबुद्धी नाजूक नाही. पण आठवण होते.

रंगून पडले त्या सालचा फाल्गुन. नागपूरकडून येणाऱ्या गाड्यांतून ब्रह्मदेशातली माणसे दिसत. बहुतेक पुढे मुंबईला जात; एखाददुसरे कुटुंब जळगावला उतरे. त्यांत एक तिशीची बाई आणि तिचा म्हातारा सासरा होता. सासरा मूळचा तापीपलीकडचा, चोपडा तालुक्यातला. तरुणपणी रंगूनला गेला आणि तिथेच राहिला. मुलगा तिकडे भाताच्या गिरणीत फिटर होता. गिरणीवाल्याने त्याला सोडले नाही, म्हणून त्याने या दोघांना बोटीत बसवून दिले आणि बजावले, "गावी जाऊ नका. जळगावातच राहा. मी आलो की स्टेशनवर विचारीन."

गावी न जाण्याचे कारण साधे होते. तिथे चुलतभावांचे राज्य होते, आणि त्यांच्या घरात ही दोघे म्हणजे दोन बिनपगारी गडी झाली असती.

तेव्हा तिला जळगावात राहायचे होते, एवढेच. सध्या धर्मशाळेत एक कोपरा मिळाला होता, पण आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, लग्नाची वऱ्हाडे येत. त्याआधी तो सोडायचा होता. स्टेशनमागे एक खोली होती. तिचे एका महिन्याचे भाडे आगाऊ हवे होते. सासरा रोज सकाळी स्टेशनच्या बाकावर जाऊन बसे आणि दुपारची गाडी गेली की परत येई. तो दिसला नाही तर मुलाला आपण सापडणार नाही, अशी त्याची समजूत होती. पुढे ती खरी ठरली.

मंडळाने तातडीची सभा भरवली. आमच्या अध्यक्षबाई एका बड्या वकिलांच्या पत्नी होत्या आणि त्यांना भिक्षा या शब्दाचा मनापासून तिटकारा होता. "आपण या भगिनीला भिक्षा देणार नाही," त्या म्हणाल्या, "आपण तिला विद्या देऊ." टाळ्या झाल्या. कोणती विद्या, हा प्रश्न उरला. मंडळाकडे शिवणयंत्र होते, पण उद्घाटनानंतर ते कोणी चालवले नव्हते. त्यावर क्रोशाचे आच्छादन होते आणि ते सारखे काढले तर मळेल अशी भीती होती. मग कोणीतरी म्हणाले, दिवस पापडांचे आहेत, पापड शिकवावे. ती घरोघर लाटून पोट भरील. ठराव सर्वानुमते संमत झाला. लाटल्याने पोट नेमके कसे भरेल, हे कोणी विचारले नाही. मीही नाही. ठराव मीच लिहिला होता.

इथे आमच्याकडची रीत सांगायला हवी. पापड एकटीने करायचे नसतात. ज्या घरचे पापड, त्या घरी आळीतल्या बायका आपापले पोळपाट-लाटणे घेऊन जमतात. घरवालीने पीठ कुटून ठेवायचे, चहा द्यायचा, तेलात बुडवलेल्या दोन लाट्या खायला द्यायच्या. उद्या तिने यांच्याकडे जायचे. ही देवघेव कोणी लिहून ठेवत नाही आणि कोणी विसरतही नाही. तिच्यात पैसा आणणे म्हणजे हळदीकुंकवाला तिकीट लावणे. हे आम्हाला इतके अंगवळणी पडले होते, की रीत म्हणून ते आमच्या डोळ्यांना दिसतच नव्हते.

शिकवण्यासाठी आमच्या शेजारच्या अक्काला बोलावले. अक्काचे वय पन्नास, हात सोन्याचा, तोंड तिखट. वर्ग माझ्या घरी, उडीद माझे. मार्गदर्शक म्हणून मी.

"हात हलका ठेव व माय," अक्का रंगूनहून आलेल्या त्या बाईला अहिराणीत म्हणाली. "पापड शे, भाकर नही."

"याहून पातळ केला तर फाटेल, अक्का."

"फाटी ते फाटू दे. उडीद बाईना शेत, तुना नहीत."

उडीद माझे, तिचे नाहीत, यावर जमलेल्या सगळ्या हसल्या. मीही लाटणे हाती घेतले. माझा पापड तापीच्या पात्रासारखा वळणे घेत पसरला. अक्काने तो मोडून गोळ्यात परत घातला. "बाई, तुम्ही पुस्तक वाचा," ती म्हणाली, "नहीतर बठ्ठं पीठ वाया जाई."

मी पुस्तक वाचले. मार्गदर्शन ते एवढेच.

रंगूनवाली, आळीने तिचे हेच नाव ठेवले, चार दिवसांत शिकली. तिचे मराठी सासऱ्याकडून आणि रंगूनच्या शेजारणींकडून उचललेले होते, मध्येच हिंदी, मध्येच अगदी जुना शब्द. हात मात्र कुठल्याही भाषेत चालला असता. आठवड्यात तिचा पापड असा उतरू लागला, की त्याच्याआडून वर्तमानपत्राचा मथळा वाचावा. मी वाचून पाहिला. मथळा युद्धाचा होता, आणि मी तिला म्हणाले, "बघ, बातमी वाईट आहे पण पापड उत्तम आहे." ती हसली नाही. तिचा नवरा त्या बातमीत होता, हे मला घरी दिवा लावताना सुचले.

माझे पाच शेराचे पापड तिने लाटले. शिकता शिकता झाले ते. मग अक्काकडे बोलावणे आले, मग समोरच्यांकडे, मग अध्यक्षबाईंकडे. त्यांच्याकडे दोन दिवस चालले. चैत्र लागेपर्यंत आळीतल्या घरांच्या सपाट धाब्यांवर जिकडेतिकडे तिचे पापड वाळत होते. बायका तिच्यावर लोभ करू लागल्या. "आपली घरनीच शे ती," अक्का सांगे, म्हणजे आपल्या घरचीच, आणि अक्काच्या तोंडून याहून मोठे प्रशस्तिपत्र मी ऐकलेले नाही. मी मंडळाच्या अहवालात लिहिले, 'सदर भगिनी समाजात संपूर्णपणे सामावली गेली आहे.'

त्या दिवसांत तिने मला तीनदा एकच प्रश्न विचारला होता. "बाई, शिकणे कधी संपेल?"

पहिल्यांदा मी म्हणाले, "इतक्यात कंटाळलीस?" दुसऱ्यांदा काय म्हणाले ते आठवत नाही. तिसऱ्यांदा माझ्यातली शिक्षिका पुरती जागी झाली आणि मी म्हणाले, "अगं, शिकणे कधी संपते का? माणूस जन्मभर शिकत असतो." हे वाक्यही पुढे मी फळ्यावर लिहिले.

आखाजीला आठ दिवस उरले असतील. ती दुपारी माझ्याकडे आली, उंबऱ्यापाशीच बसली.

"बाई, एक कागद लिहून द्याल?"

"कसला?"

"मी शिकले म्हणून. तुमची सही. म्हणजे मग मागता येईल."

"काय मागता येईल?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. मी थट्टा करते आहे की काय, याचा अंदाज घेत असावी.

"मजुरी," ती म्हणाली. "शिकाऊ माणसाला मजुरी नसते, ते माहीत आहे मला. यांनाही गिरणीत पहिले सहा महिने नव्हती. म्हणून मी बोलले नाही. पण आता आठच दिवस राहिलेत, आणि खोलीवाला थांबायला तयार नाही."

मी विचारले, "कोणीच काही दिले नाही?"

"दिले ना. चहा देतात. लाट्या देतात. परवा एकीने चोळीचा खण दिला." आणि माझी समजूत काढावी तसे म्हणाली, "लोक फार चांगले आहेत, बाई."

मी कागद लिहून दिला नाही. म्हणाले, "थांब, मी बघते." आणि अक्काकडे गेले.

अक्का आपल्याच धाब्यावर पापड उलटत होती. मी सांगितले तशी ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय व माय! पापडना पैसा? मी कितला घरले लाटा गयू, माले कोनी दिना का पैसा?"

"तुमच्याकडे त्या येतात, अक्का. तिच्याकडे कोण येणार?"

"आम्ही बठ्ठ्या जासूत! तिना घर व्हई, तिना पापड व्हतीन, तव्हय एक बी घर बसाव नही."

ती खरेच गेली असती. सगळ्याच गेल्या असत्या, लाटणी घेऊन. अक्काच्या हिशेबात खोट काढायला मला जागा सापडेना. फक्त रंगूनवालीला आधी घर हवे होते, आणि घरासाठीच ती लाटत होती. हे अक्काला पटवणे मला जमले नाही. खरे सांगायचे तर मी नेट लावला नाही. माझे स्वतःचे पाच शेराचे पापड डब्यात होते, आणि ज्याच्या डब्यात पापड त्याने मजुरीवर व्याख्यान कोणत्या तोंडाने द्यायचे?

मंडळात विषय काढला. अध्यक्षबाई दुखावल्या. "जिला आपण भगिनी म्हटले तिच्या हातावर मजुरी ठेवायची? त्यापेक्षा तिचा सत्कार करू." यावरही टाळ्या झाल्या. सत्काराला मामलेदारांच्या पत्नी आल्या. स्वावलंबन या विषयावर दोन भाषणे झाली. त्यांतले एक माझे. रंगूनवालीला खण, नारळ आणि साखरेची पुडी मिळाली. ती व्यासपीठावर खुर्चीच्या कडेला बसली होती आणि भाषणे संपेपर्यंत नारळ दोन्ही हातांनी धरून होती. आता तरी शिकणे संपले असे जाहीर होईल, असे तिला वाटत असावे. तसे काही जाहीर झाले नाही. आभार मानण्यात आले.

आता जे सांगायचे ते आजवर कोणाला सांगितलेले नाही. त्या खोलीचे भाडे मी एकटीने देऊ शकले असते. पुस्तकांसाठी काचेच्या दारांचे कपाट करून घ्यायचे म्हणून मी पगारातून बाजूला टाकत होते. ते पैसे त्या आठवड्यात घरात होते. दोनदा मी ते हातात घेतले. दोनदा मनाशी म्हणाले, ही भिक्षा होईल, तिला अपमान वाटेल. अध्यक्षबाईंच्या ज्या वाक्याला मी मनातून हसले होते, तेच मला वेळेला उपयोगी पडले. कपाट वैशाखात आले. फार सुबक आहे. हे लिहिताना समोरच आहे.

आखाजीच्या आदल्या दिवशी ती सासऱ्याला घेऊन तापीपलीकडे गेली. जाताना माझ्या पाया पडली. म्हणाली, "यांनी स्टेशनवर विचारले तर सांगा." मी म्हणाले, "सांगीन हो."

स्टेशनचा बाक मोकळा झाला.

तिचा नवरा आषाढात आला, डोंगर-जंगलातून चालत, मग मिळेल त्या गाडीने. त्याने स्टेशनवर विचारले. कोणाला काही माहीत नव्हते. दोन दिवस तो तिथेच पडून होता. मग चहावाल्याला बाकावरचा म्हातारा आठवला, आणि म्हाताऱ्याच्या बोलण्यात येणाऱ्या शाळेतल्या बाईंचे घर त्याने याला दाखवले. हाडांचा सापळा आणि अंगात ताप. मी पत्ता सांगितला. पण तापीला पूर आला होता, नाव बंद होती. तो आमच्याकडेच राहिला.

पहिल्या दिवशी जेवताना माझ्या सासूबाईंनी पापड तळले. त्याने एक उजेडाकडे धरून पाहिला.

"इकडे फार पातळ लाटतात," तो म्हणाला. "आमच्या घरात पापड कधी झाले नाहीत. हिला येत नाहीत."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी त्याला आणखी एक वाढला. हे तुझ्या बायकोने लाटलेत, हे सांगायला एक वाक्य पुरले असते. पण त्यानंतर त्याने विचारले असते, की मग ती इथे का नाही.

दहाव्या दिवशी नाव सुरू झाली आणि तो पलीकडे गेला. श्रावणात एक कार्ड आले: सर्वांची गाठ पडली, चुलतभावांच्या शेतावर आहोत, बाईंचे उपकार विसरणार नाही.

तापीचे पाणी उतरायला नऊ दिवस लागले होते. तिने लाटलेले पापड त्याला वाढता वाढता सात दिवसांतच संपले होते.