श्रवणाचे पैकीच्या पैकी

"हिला श्रवणाचे पैकीच्या पैकी टाका, मॅडम. तोंड उघडत नाही म्हणजे ऐकतच असंल की," गणिताचे सर माझ्याकडे बघून हसत म्हणाले. वह्यांचा गठ्ठा घेऊन मी स्टाफरूमच्या दारात उभी होते. इंग्रजीच्या मॅडमनी खरंच तेवढे मार्क लिहिले.

काल नवे हेडफोन उघडले, तर त्या प्लॅस्टिकच्या वासानं मला पुन्हा त्याच दारात नेऊन उभं केलं. तिथल्या कपाटावरच्या सीडी प्लेअरला असाच वास यायचा. श्रवणाच्या परीक्षेसाठी आणलेला तो प्लेअर कधी पिशवीतून बाहेरच निघाला नव्हता. मार्क मात्र दरवर्षी मिळायचे, आणि माझा त्या मार्कांवर विश्वास नव्हता. आता मी भाषाशिक्षणावर संशोधन करते. वाचन, लेखन, संभाषण यांवर ढिगानं लिहिलेलं सापडतं आणि श्रवणावर जेमतेम काही पानं. तेव्हा वाटतं, इथंही कुणी प्लेअर पिशवीतून काढलेला दिसत नाही.

त्या दिवशी मॅडमनी मान वर केली. "बरं झालं आलीस, बेटा. उद्या शाळेत येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना वेरूळ दाखवायचंय. ते काय विचारतात ते तू मोठ्या सरांना मराठीत सांगायचं."

जाडजूड इंग्रजी पुस्तकं मी सहज वाचायचे, पण कुणी परदेशी माणूस बोलू लागला की नुसता आवाज कानावर पडायचा. उद्या सगळ्यांसमोर फजिती ठरलेली होती. मी गठ्ठा टेबलावर ठेवला.

"मॅडम, आधी तो प्लेअर लावा. मला ऐकून इंग्रजी कळत नाही."