नव्या डोळ्यांसाठी राखून ठेवलेली साडी

या, असे जवळ सरका बघू. दाराशी बसून अर्धंमुर्धं ऐकता आणि मग गावभर वेगळंच सांगत सुटता, ही वाईट खोड आहे तुमची. तो फोनही ठेवा जरा बाजूला. हल्ली आमच्या बेंगळुरातल्या के. आर. पुरमच्या गल्लीत जो तो मला एकच विचारतो, "मावशी, लेझर करून घेऊ का? चष्मा जातो म्हणे." अहो, मी काय डोळ्यांची डॉक्टर? पण गल्लीला ठाऊक आहे, एकीच्या सोबतीला मी गेले होते. तिचं सांगते. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा.

ती चष्मा कपाळावर सारायची. साडी असो, लग्नपत्रिका असो, नाहीतर तांदळातला खडा, कुणी काही दाखवलं की आधी मनगटाने चष्मा वर, आणि मग ती वस्तू थेट नाकापाशी. "स्वल्प जवळ आणा हो. लांबून काय, सगळंच चांगलं दिसतं."

आमचे हे तिला चिडवायचे, "तू बघतेस की हुंगतेस?"

"हुंगूनच कळतं काका, कॉफी कुणाकडे चांगली. सकाळपासून तुमच्याकडून वास नाही आला. मावशी रुसल्यात काय?"

कुच्चू बांधायची ती. साडीच्या पदराचे सुटे रेशमी धागे घेऊन त्यांचे गोंडे वळायचे, मधे बारीक मणी ओवायचे, त्याला इथे कुच्चू म्हणतात. बेंगळुरात कुच्चू नसलेली रेशमी साडी म्हणजे मीठ विसरलेलं सारू. सगळे तिला कुच्चू अक्काच म्हणायचे, मीसुद्धा, आणि मी तर तिच्याहून कितीतरी मोठी. तिच्या गाठी इतक्या बारीक की बोट फिरवलं तर लागायच्या, डोळ्याला दिसायच्या नाहीत. मायनस पाचचा नंबर होता तिचा. चष्म्याविना चार हातांवरचा माणूस ओळखू यायचा नाही, पण चष्मा वर सारून नाकापाशी धरलेला रेशमाचा धागा तिला दोरखंडासारखा दिसायचा. पन्नाशीला आली तरी तिला जवळचा चष्मा लागला नव्हता. आम्हा बायकांना सुई ओवून हवी असली की आम्ही तिच्याकडे पळायचो.

आमच्यासारखीच तीही इथल्या जुन्या मराठी घरातली. तिला बघायला पाहुणे आले तेव्हा आईने तिचा चष्मा काढून तांदळाच्या डब्यात लपवला. चष्मेवाली मुलगी कोण करणार! लग्नातही तेच.

"अंतरपाट काढला मावशी, तरी माझ्यापुढे अंतरपाटच! समोर एक पिवळं गाठोडं हलत होतं, त्याच्या गळ्यात हार टाकला."

"बरोबर माणसाच्या टाकलास ना?"

"आता विचारून काय उपयोग? सवय झाली त्याची."

नवरा मात्र मोठा भला निघाला. लवकर गेला. त्याचे दिवसवार झाल्यावर माझ्या पायरीवर बसून ती म्हणाली होती, "पहिल्यांदा बघितलं तेव्हा धुरकट होता. शेवटचं बघितलं तेव्हा डोळे भरलेले. मधलं काय ते काचेतनं." मी कॉफी पुढे केली.

मग मुलीचं लग्न ठरलं. मुलगी इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. तीच म्हणाली, "अम्मा, लेझर करून घे. माझ्या लग्नात तू चष्म्याशिवाय बघायचंस." कुच्चू अक्काच्या मनात ते असं बसलं की पुन्हा उठलंच नाही. मुलीचा शालू आला. त्याचा कुच्चू आईनेच बांधायचा, हे तर न बोलता ठरलेलं. पण तिने तो शालू घडी करून कपाटात ठेवून दिला. "हा आत्ता नाही बांधायचा. नव्या डोळ्यांनी बांधते. असा बारीक बांधते की बघाच!"

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत होत्या. कन्नडमध्ये सगळं नीट समजावून सांगितलं त्यांनी. लांबचं चांगलं दिसायला लागेल, थोडा नंबर उरलाच तर उरेल. काही महिने डोळे कोरडे पडतील, थेंब घालावे लागतील. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतील, ती हळूहळू कमी होतात. आणि या वयात जवळचं बघायला चष्मा लागणार म्हणजे लागणारच. "आज तुम्ही चष्मा काढून जे जवळचं बघता ना अम्मा, ते जाईल."

"सरी, चालेल," ती म्हणाली.

बाईंनी आणखी एक मार्ग सांगितला. एक डोळा लांबचा करायचा, दुसरा जवळचा ठेवायचा. आधी लेन्स घालून तसं जमतंय का ते बघता येतं. ती हसली, "नको हो. एका घरात दोन सुना कशाला? रोजचं भांडण. दोन्ही सारखेच करा."

येताना रिक्षात मी तिला टोकलं, "जवळचं जाईल म्हणाल्या त्या. ऐकलंस ना?"

"ते पेपर वाचायला लागतो तो चष्मा, मावशी. सगळ्यांनाच लागतो. मी कुठे पेपर वाचते?"

मीही मान डोलावली. मला तरी कुठे कळलं होतं?

ऑपरेशन कसलं, बसलो म्हणेपर्यंत झालं. दुसऱ्या दिवशी काळा गॉगल घालून दारात उभी! गॉगल काढला आणि पलीकडच्या गच्चीवरचे कपडे कुणाकुणाचे ते सांगायला लागली. मग माझ्याकडे वळली. "अय्यो मावशी, केवढ्या म्हाताऱ्या झालात हो!"

"कालपर्यंत नव्हते बाई. तुझ्या डॉक्टरणीने केलं."

घरात जाऊन तिने म्हणे दिवसभर छतावरची जळमटं काढली. आनंद मावत नव्हता तिचा.

डॉक्टरांनी कामाला हरकत नाही म्हटलं, तसा तिने शालू काढला. मी तिथेच बसले होते. तिने मनगट कपाळाकडे नेलं, तिथे चष्मा नव्हता, स्वतःशीच हसली. मग पदर नाकापाशी धरला. जरा लांब केला. पुन्हा जवळ आणला. खिडकीकडे वळून बसली. माझ्याकडे बघितलं तिने, आणि ते तोंड मी विसरणार नाही. रस्ता ओलांडताना कडेवरचं मूल हरवावं, तसं.

"धागा कुठे आहे हो?"

धागा तिच्या बोटांतच होता.

पदर मांडीवर ठेवून म्हणाली, "सांगितलं होतं त्यांनी. खोटं नाही सांगितलं. ऐकलंही होतं मी. कळलं आत्ता."

जवळचा चष्मा आला. त्यातून धागा दिसायचा, पण पदर हातभर लांब धरावा लागायचा. तिच्या बोटांना सगळं काम नाकापाशी करायची सवय. इतकं लांब धरून गाठ आवळायची कशी? सैल पडायच्या. बांधायची, उसवायची. मुलगी म्हणाली, "अम्मा, दुकानात देऊया." तिने पदर पुन्हा उसवायला घेतला. शेवटी झाला तो कुच्चू. तुम्हाला आम्हाला सुंदरच वाटला असता. मुलीने आईच्या गळ्यात हात टाकले. आईने मात्र त्याच्यावरून बोट फिरवलं आणि शालू पटकन घडीत घातला.

लग्नाचा मुहूर्त मुलीच्या आईने बघायचा नाही, तुळशीपाशी बसायचं, ही आमच्यातली जुनी रीत. तुळस हॉलच्या पार टोकाच्या दारात ठेवली होती. मंगलाष्टकं सुरू झाली तशी कुच्चू अक्काने मान वळवली.

"बघू नये गं," मी हळूच म्हटलं.

"माहीत आहे," म्हणाली, आणि बघत राहिली. एवढ्या गर्दीपलीकडून तिला सगळं दिसत होतं. "लाजत नाही बघा जराही. हसतेय. तोच घाबरलाय, हार उलटा धरलाय त्याने." आणि मग माझा हात घट्ट धरून, "मावशी, असं दिसतं होय हे?"

आता सांगा, चांगलं झालं की वाईट? मला विचाराल तर नाही सांगता यायचं. त्या दिवशी तिला विचारलं असतं तर तिने डॉक्टरणीची दृष्ट काढली असती. पण त्यानंतर गल्लीतल्या साड्या तिने परत केल्या. "पहिल्यासारखं येत नाही, मग कशाला?" एवढंच बोलायची. वर्षभराने मुलीकडे राहायला गेली, इलेक्ट्रॉनिक सिटीत, उंच इमारतीत. फोनवर सांगते, गॅलरीतून पार लांबची विमानं दिसतात. हातांचं काय करतेस, असं विचारलं की विषय बदलते.

गावभर सांगत सुटता ना, तर तिलाही एवढं सांगा: अगं कुच्चू अक्का, नातीच्या लग्नासाठी घेतलेली साडी माझ्याकडे कुच्चूवाचून तशीच पडून आहे. कुणाला दिली नाही मी, देणारही नाही. गाठी सैल पडल्या तर पडू देत, नेसणारी माझी नात आहे आणि तपासणारी मी, मला तर मोतीबिंदू. येताना तो जवळचा चष्मा तेवढा घेऊन ये. आणि लवकर ये, बाई.